नेसा आणि परत करा, म्हणे!

आत्याने काल फॉरवर्ड पाठवला: ‘नवरात्रात नऊ रंगांच्या नऊ साड्या ऑनलाइन मागवा, नेसा, परत करा. कायद्याने सात दिवसांत काहीही परत करता येतं. खर्च कंपनीचा. सरकार जीएसटी दोनदा खातं, मग आपण का लाजायचं? अमेरिकेत सगळे हेच करतात.’ आत्याला फोनवर झापून झालं, पण संध्याकाळी तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर. म्हणून हे लिहितोय.

सात दिवसांचा सरसकट हक्क कुठल्याच कायद्यात नाही, ती त्या त्या साइटची सवलत. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(47) वाचा: सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा, आणि बिलावर मुदत नसेल तर 30 दिवस. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत बनावट, जाहिरातीप्रमाणे नसलेला किंवा उशिरा पोचलेला मालही येतो. दसरा झाला, हौस फिटली, हे कारण त्यात नाही. आता ‘विकलेला माल परत घेणार नाही’ अशी पाटी लावून विरलेलं कापड गळ्यात मारणारे दुकानदार आहेतच. तिथे भांडा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन लावा. एवढ्यापुरता फॉरवर्ड खरा.

पण ‘खर्च कंपनीचा’? कुठली कंपनी? माझी वहिनी भांडुपला दोन खोल्यांतून सुती साड्या विकते. साइट नुसती मधली. परतीचं कुरिअर वहिनीच्याच पैशांतून कापलं जातं. साडी येते ती घडी मोडून, खांद्यापाशी पिनेची भोकं, एकीवर तर गजऱ्याचा पिवळा डाग. नवी म्हणून विकायची कशी? धड असली तरी नवरात्रात गेलेली जांभळी दसऱ्यानंतर येते, तेव्हा तिला विचारतो कोण? ऐन हंगामात ती दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात होती. गेल्या वर्षी अशा दोन साड्या शेवटी बोहारणीला दिल्या, एक स्टीलचा डबा मिळाला. यंदा वहिनीने प्रत्येक साडीमागे 40 रुपये वाढवलेत. म्हणजे साडी ठेवून घेणारीनेच ते भरायचे.

जीएसटीचं तर काहीच्या काही. माल परत आला की नोंदणीकृत विक्रेता जीएसटी कायद्याच्या कलम 34 खाली क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारी चिठ्ठी, काढतो, तेवढा कर त्याच्या देण्यातून वजा होतो.

अमेरिका? तिथल्या नॅशनल रिटेल फेडरेशनचा, म्हणजे दुकानदारांच्या संघटनेचा, 2024 चा अंदाज आहे 890 अब्ज डॉलरच्या परतीचा, विक्रीच्या 16.9 टक्के. ते ओझं दुकानांना झेपेना. झारा या कपड्यांच्या ब्रँडने तर 2022 मध्येच ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेला माल दुकानात न आणता परत पाठवायला 1.95 पौंड लावले. ब्रिटन म्हणजे अमेरिका नव्हे, ठाऊक आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला तेवढा फरक कळत असेल असं वाटत नाही.