दादांच्या नावाने पैसे मागणारा मेसेज खोटा आहे

नाशिकच्या भांडी बाजारातले आमचे दादा गेल्या महिन्यात गेले. तेव्हापासून एक मेसेज फिरतोय : २०१६ च्या पुरात दादांनी दुकानातला सगळा माल वाटला, घर विकलं, आज कुटुंब उघड्यावर आहे, मदत पाठवा. खाली दिलेला मोबाईल नंबर आमच्यापैकी कोणाचाच नाही.

यात माझीही चूक आहे. श्रद्धांजलीच्या पोस्टमध्ये मी भावनेच्या भरात 'सर्वस्व वाटून टाकलं' असं लिहिलं होतं. ती पोस्ट मी काढली आहे.

काल काकूंनी जपून ठेवलेली त्या वर्षाची वही पाहिली. २ ऑगस्टला गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून नाशिककर पुराची पातळी ओळखतात, बुडाला आणि पाणी भांडी बाजारात शिरलं. आमच्याही दुकानात चिखल होता. दादांनी भांडी धुऊन, पुसून घेतली आणि गोदाकाठच्या चाळीस घरांना एकेक पातेलं, तवा आणि दोन ताटं दिली. नोंदीपुढे काकूंचं अक्षर आहे : 'घरखर्चातून. दिवाळीचे कपडे पुढच्या वर्षी.' एका रुपयाचंही कर्ज नाही. घर आहे तिथेच आहे, दुकान धाकटा बघतो.

दादा घर सांभाळून देत, तेही काकूंना विचारून. हा मेसेज रोज कोणीतरी काकूंना दाखवतं आणि त्या गप्प बसून राहतात.

कृपया तो पुढे पाठवू नका. जिथे टाकला असेल तिथे हा खुलासा टाका. कोणी पैसे भरले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.