गरीब राहा, डोंगर राखा: काजू बागायतदारांना मोफत सल्ला

गेल्या महिन्यात मी शाश्वत झालो. म्हणजे मला तसं करून सोडलं. पणजीतल्या एका तारांकित हॉटेलात दिवसभराची कार्यशाळा होती, 'शाश्वत व्यापार आणि ग्रामीण उपजीविका'. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून सहा काजू बागायतदारांना मिनीबसमध्ये घालून नेलं, पहिल्या रांगेत बसवलं आणि फोटो झाल्यावर मागच्या रांगेत हलवलं. एसी एवढा की माझ्या शेजाऱ्याने पंचा कानाला गुंडाळला. माझ्या भाचीच्या वयाची एक मुलगी पडद्यावर हिरव्या बाणांचं चक्र फिरवत होती आणि मला 'अंकल, अंकल' करत समजावत होती की निसर्गाचं भलं आणि गरिबाचं भलं एकच असतं. मी विचारलं, "बाय, काजूचा भाव?" ती म्हणाली, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत. शेवटी चहा होता.

निघताना प्रत्येकाला तागाची पिशवी मिळाली. आत वही, बांबूचं पेन आणि काजूगरांचं पाकीट. पाकिटावर डोक्यावर टोपली घेतलेली बाई आणि मागे डोंगर. डोंगर बघून मला बरं वाटलं, आमच्या वाळपईच्या बाजूचाच वाटत होता. घरी येऊन चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. कच्चा माल आयात केलेला.

दुसऱ्या दिवशी 2024 च्या हंगामातला बाजारभाव आणि सरकारी आधारभूत किंमत यांतला फरक मागणारा माझा अर्ज परत आला. एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, नाव नाही. हे त्यांना आज कळलं असं नाही, पण आज कळवलं.

तेव्हा एवढं प्रशिक्षण पदरात पडलेला माणूस म्हणून मी ठरवलं की हे ज्ञान स्वतःपाशी ठेवणं बरोबर नव्हे. तुमचा डोंगर असेल, काजू असतील, किंवा नुसतीच गरिबी असेल, तरी पुढचं वाचा.

पहिली गोष्ट, जमीन चुकूनही आपल्या नावावर होऊ देऊ नका. आजोबांनी लावलेली झाडं, वडिलांनी घातलेला गडगा, तुम्ही दरवर्षी साफ केलेलं रान, एवढं पुरे. मोकासो, आल्वारा असे पोर्तुगीज काळातले जमिनीचे प्रकार, सरकारी, वनखातं, जे काय असेल ते कागदावर राहू दे. नावावर नसलेल्या जमिनीइतकी पर्यावरणस्नेही जमीन दुसरी नाही. ती विकता येत नाही, तिच्यावर कर्ज मिळत नाही, कर्ज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून भूजल सुरक्षित. आमच्याच तालुक्यातल्या शेळ-मेळावलीच्या लोकांना हे उशिरा समजलं. वर्षानुवर्षं राखलेल्या काजूंच्या जागेवर आयआयटी आली, मोजणीदार आले, मग पोलीस आले, 2021 च्या जानेवारीत अश्रुधूर आला. बायका मातीत आडव्या पडल्या तेव्हा त्याच महिन्यात प्रकल्प माघारी गेला. उतारे मात्र आपल्या जागी ठाम राहिले. ही खरी शाश्वतता.

मार्च 2023 मध्ये गोव्याच्या रानांत वणवे पेटले, तेव्हापासून डोंगराला आग लागली तर ती तुम्हीच लावली, हे गृहीत धरायला शिका. वेळ वाचतो.

डिसेंबरात धुकं धरून मोहोर करपला तर हवामानबदल या विषयावर दोन शब्द बोलायची तयारी ठेवा. कोणीतरी माईक घेऊन येतंच. औषध घेऊन कोणी येत नाही.

वाघावर प्रेम करा. हे मी उपरोधाने म्हणत नाही, खरंच करा. 1999 साली म्हादई अभयारण्य झालं, 208 चौरस किलोमीटर, आणि त्या रानातून उतरणाऱ्या पाण्यावर निम्मा गोवा आंघोळ करतो. 2020 च्या जानेवारीत गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले तेव्हा मलाही जेवण गेलं नाही. 24 जुलै 2023 ला उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असं सांगितलं. त्यावर आमच्या गावात दोन सभा झाल्या. एका सभेत सांगितलं की वाघ आला की तुम्ही बाहेर, दुसऱ्या सभेत सांगितलं की तुमच्या काजूला हात लागणार नाही. दोन्ही सभांना बोलणारे लोक गाडीने आले आणि गाडीने गेले. कागद दाखवून, नकाशावर बोट ठेवून 'हे तुझं झाड, हे आत, हे बाहेर' असं सांगणारा एकही माणूस अजून चढण चढून आलेला नाही. तोवर तुम्ही वाघावर प्रेम करत राहा, गाय गेली तर अर्ज करा, आणि अर्जाला एक-चौदा जोडा.

आता मुख्य गोष्ट. बी नेहमी कच्ची विका.

यात खोल अर्थशास्त्र आहे, नीट ऐका. साधारण चार किलो बी फोडली की किलोभर गर निघतो. मी किलोला 110 रुपयांनी बी विकली, म्हणजे चार किलोचे 440. पणजीच्या दुकानात पाव किलोचं पाकीट 350 ला बघितलं, म्हणजे किलोला 1,400. मधले 960 रुपये कुठे गेले हे विचारू नका. भाजणं आहे, फोडणं आहे, साल काढणं, वर्गवारी, पाकीट, भाडं, कर. फोडणाऱ्या बायकांची बोटं सालीच्या तेलाने काळी पडतात, माझ्या आईची शेवटपर्यंत तशीच होती. तिला त्यातले किती मिळत होते ते मला ठाऊक आहे. पाकिटावरच्या बाईची बोटं मात्र स्वच्छ आहेत, मी भिंगाने बघितली.

गोवा सरकारने 2023 साली बीची आधारभूत किंमत किलोला 125 वरून 150 केली. टाळ्या वाजवा. बाजारात मिळालेला भाव आणि आधारभूत किंमत यातला फरक तुम्हाला मिळतो, फक्त कृषी कार्ड हवं, नोंदणी असलेल्या ठिकाणी विक्री हवी, पावती हवी आणि उतारा हवा. म्हणजे ज्याला गरज कमी त्याला फरक आधी. आणि भाव पडतो का? तर आपल्याच देशातल्या कारखान्यांची भूक आपल्या पिकाच्या कितीतरी पुढे गेली आहे. म्हणून आफ्रिकेतून बी येते, आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया. 2018 च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरचं आयात शुल्क 5 टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आणलं, कारखाने चालले पाहिजेत म्हणून. चाललेच पाहिजेत, तिथेही बायकाच बसतात. पण बोटीतली बी बंदरात आली की आमच्या पोत्याचा भाव कोण ठरवतो, हे त्या अर्थसंकल्पात वाचायला मिळत नाही.

मला आधी वाटायचं, आमचं नुकसान करून तो आफ्रिकेतला बागायतदार तरी मजेत असेल. कसला मजेत! पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आमच्याकडे काजू आणला, तसाच मोझांबिकला नेला, गिनी-बिसाऊला नेला. आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसं मोझांबिकला नोकरीला जायची, तिथून येताना पेटारा भरून आणायची. त्या मोझांबिकमध्ये काजू फोडायचे मोठे कारखाने होते. 1990 च्या दशकात जागतिक बँकेने कर्ज देताना अट घातली की कच्च्या काजूच्या निर्यातीवरचा कर कमी करा, बाजार मोकळा करा, शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल. कर कमी झाला. कच्ची बी बोटीत चढली आणि बरीचशी भारतात आली. तिथले कारखाने बंद पडले, हजारो कामगार घरी बसले, त्यातही बायका पुष्कळ. शेतकऱ्याच्या हातात काय पडलं? हिशेब करणाऱ्यांनी केला, नगण्य निघालं. गिनी-बिसाऊत तर अख्ख्या देशाची निर्यात म्हणजे जवळजवळ काजूच, आणि तिथला माणूस हंगामात बी देऊन तांदूळ घेतो. बी देऊन तांदूळ! आमचे आजोबा दुकानदाराच्या वहीत हेच करत होते. तर तो तिथे बसून विचार करत असणार की गोव्याचा काजूवाला मजेत असेल. दोघांना एकमेकांच्या नावाने गप्प बसवलंय, आणि मधला माणूस पाकिटावर बाई छापतोय.

बरं, गोव्याच्या काजूला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेणीला 2009 मध्येच मिळालं होतं. पेढे वाटा. पण म्हापशाच्या, पणजीच्या, किनाऱ्यावरच्या दुकानात पर्यटक 'गोवा काजू' म्हणून जे उचलतो ते कुठलं, हे तपासायला कोण किती वेळा गेला? मानांकन भिंतीवर टांगलं, बी अजून पोत्यात.

बोंडूचं, म्हणजे काजूच्या फळाचं, काय करायचं हे किनाऱ्यावरच्या बारला विचारा. तिथे हुर्राकच्या, म्हणजे बोंडूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूच्या, ग्लासात मिरची आणि लिंबू घालून ते त्याला अनुभव म्हणतात. ती दारू गाळणाऱ्या भाटीवाल्याला त्या अनुभवातले किती पोचतात ते विचारू नका.

कितवी सूचना झाली? असो. खाणीबद्दल थोडक्यात. खाण चालू असेल तर धुळीबद्दल बोला, बंद असेल तर रोजगाराबद्दल, म्हणजे दोन्ही वेळी तुम्हीच विकासाच्या आड आलेले असता. 2010-11 च्या सुमाराला गोव्याच्या बंदरांतून वर्षाला 5 कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं, बरंचसं चीनला. 2012 मध्ये बंद, मग सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून सोडलं, 2018 मध्ये परत बंद. माझ्या धाकट्या भावाने त्या धावपळीत कर्जाने ट्रक घेतला होता. ट्रक दारात गंजला, हप्ते गंजले नाहीत. खनिजाचा पैसा ज्यांना मिळाला त्यांना धूळ मिळाली नाही, एवढी वाटणी मात्र काटेकोर झाली. आता डोंगर उरलाय तो काजूचा, म्हणून सगळे आम्हाला शिकवायला आलेत.

पुरे. मला हे उपरोधाचं सोंग जास्त वेळ झेपत नाही.

तुम्ही, हो तुम्हीच, दुकानात उभे राहून "गोव्याचेच ना?" म्हणून विचारता आणि मग दोनशे रुपयांनी स्वस्त पाकीट उचलता. 5 जूनला रोप लावून फोटो टाकता. त्या रोपाला जूनच्या अखेरीस कोण बघतो? आजोबांचा डोंगर दिल्लीच्या माणसाला विकलात, तिथे आता पोहायचा तलाव आहे, आणि आम्हाला सांगता की फांदी तोडू नका. लाज वाटू द्या थोडी. आम्ही झाड तोडत नाही ते कार्यशाळेला गेलो म्हणून नव्हे. झाडावर आमचं पोट आहे आणि पोटाला भाव द्यायची कोणाची तयारी नाही. आम्ही कफल्लक राहिलो म्हणून डोंगर हिरवा राहिला, त्याला तुम्ही आमचा पर्यावरणप्रेमी स्वभाव म्हणता. उद्या माझ्या भाच्याने ती जागा कोणा बिल्डरला दाखवली तर मी त्याला कुठल्या तोंडाने अडवू? तागाची पिशवी दाखवून?

आणि कार्यालयातल्या साहेबांनो, काम काही अवघड नाही. झाडं उभी आहेत, मोजा. उतारा नसेल तर झाडाखाली उभं राहून पंचनामा करा, पंचायतीची सही घ्या, आणि फरक द्या. पाकिटावर बी कुठली ते समोरच्या बाजूला, बाईच्या चेहऱ्याएवढ्या अक्षरांत छापायला लावा. दुकानात जाऊन पाकीट उलटं करून बघा, त्यासाठी हॉटेल बुक करावं लागत नाही. आमच्यातलेच काही जण बाहेरची स्वस्त बी गावच्या पोत्यात मिसळून घालतात, त्यांनाही सोडू नका, मी नावं सांगायला तयार आहे. पण मला परत मिनीबसमध्ये घालू नका. हंगामातला एक दिवस गेला माझा त्या एसीत. त्या दिवशी पडलेली बी माकडांनी आणि रानडुकरांनी बघितली, त्यांनी कोणाकडे उतारा मागितला नाही.

साडेतीन पोती बी अजून पडवीत आहे, वाळवलेली, वेंगुर्ला-4 जातीची वेगळी काढलेली. पावसाच्या आधी द्यायची आहे. रास्त भाव देणारा कोणी असेल तर सांगा, मी स्वतः पोचवतो. पाकीट फोडलेलं नाही, तेही हवं असेल तर घेऊन जा.