काका, बादरायण संबंधाबद्दल थोडं

नमस्कार काका,

‘लघवी रोखायच्या स्नायूंचा फुफ्फुसांशी संबंध लावणं म्हणजे बादरायण संबंध’ असं तुम्ही माझ्या केगेल व्यायामावरच्या, म्हणजे ओटीपोटाचा तळ (लघवी रोखणारे स्नायू) आवळण्याच्या व्यायामावरच्या लेखाबद्दल लिहिलंत. शिवाय योगातला आपला मूलबंधच (गुदाजवळचे स्नायू आवळून वर ओढणं) मी केगेलच्या नावाने खपवतेय, आणि लेख वाचल्यापासून काकू रोज सकाळी श्वास कोंडून लालबुंद होऊन बसतात, हीही तक्रार. शेवटचं वाचून मी खरी दचकले. पण क्रमाने जाते.

आधी माझी चूक. ‘या व्यायामाने फुफ्फुसांची क्षमता वाढते’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. आज काढून टाकलंय. दम्याने आकसलेली श्वासनलिका ओटीपोटाचा तळ आवळून उघडत नाही. ज्यांचा पंप चालू आहे त्यांनी तो चालूच ठेवायचा.

संबंध मात्र आहे, आणि तो तुम्हाला घरबसल्या तपासता येईल. नॅपकिनची घट्ट गुंडाळी करा, लाकडी खुर्चीवर पुढून मागे जाईल अशी ठेवा आणि तिच्यावर बसा. पोट सैल सोडून श्वास घ्या. गुंडाळीवर किंचित भार आल्यासारखं वाटेल. आता फुंकणीतून चूल फुंकतो तशी लांब फुंकर मारा. भार हलका होतो, तळ वर ओढला जातो. श्वास घेताना श्वासपटल, म्हणजे फुफ्फुसांखालचा पडद्यासारखा स्नायू, खाली येतं, पोटातल्या अवयवांना रेटतं आणि तळ जरा झुकतो. सोडताना दोघेही वर. ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी निरोगी बायकांचा श्वास आणि खोकला चालू असताना एमआरआयमध्ये हेच पाहिलं आणि 2011 साली छापलं. बायका मोजक्याच होत्या, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही पुन्हा पकडाल!

खरी गंमत खोकल्यात आहे. पोटाचे स्नायू आवळले की आतला दाब वर जातो तसा खालीही जातो. बूड पक्कं असेल तर तो कफ उडवायच्या कामी येतो. माझ्याकडे येणाऱ्या बायका खोकताना लघवी सुटते ही तक्रार घेऊन येतच नाहीत; कंबर दुखते म्हणून येतात. मग बोलता बोलता शिंक येते आणि त्या पटकन पायावर पाय आवळून घेतात. मिरचीच्या फोडणीचा ठसकासुद्धा त्यांना नकोसा होतो. जुनाट खोकल्याने तळावर सतत ताण पडतो, आणि थेंब सुटेल या भीतीने त्या नीट खोकत नाहीत. कफ आतच. मला हे लिहायचं होतं, आणि मी क्षमतेचं वाक्य ठोकून मोकळी झाले.

1998 मध्ये अमेरिकेत 27 वयस्कर बायकांना खोकण्याच्या क्षणभर आधी तळ आवळायला शिकवलं. आठवड्याभरात मध्यम खोकल्यात सुटणारी लघवी सरासरी 98 टक्क्यांनी घटली, जोरदार खोकल्यात 73. आठवड्यात स्नायू काही पैलवान होत नाही. फक्त वेळ साधली गेली.

आता मूलबंध. तो केगेलपेक्षा कितीतरी जुना, मान्य. केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्ये हा व्यायाम बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी मांडला, आवळण्याचा जोर मोजायला उपकरणही केलं. मोजायला आपलेही लोक कचरले नव्हते. लोणावळ्यात योग-संशोधक स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्येच उड्डियान-नौली या पोट आत ओढून करायच्या योगक्रियांत पोटातला दाब मोजला होता. पण मूलबंध बहुधा कुंभकात, म्हणजे श्वास रोखून लावतात. खोकल्याच्या रुग्णाला आवळायचं असतं ते श्वास सोडताना. तुम्ही चाळीस वर्षं प्राणायाम करताय, हा फरक माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळेल.

आणि काकूंची गोष्ट इथेच अडली असणार. श्वास कोंडला की पुष्कळदा माणूस नकळत खाली जोर देतो, शौचाला कुंथतो तसा. हवं होतं त्याच्या नेमकं उलट. त्यांना म्हणावं, आवळून धरताना मनात मोजू नका, मोठ्याने ‘बे एके बे’ म्हणा. तोंडाने बोलत असताना श्वास कोंडता येतच नाही. ‘बे पंचे दहा’ला पूर्ण सैल सोडा, दोन श्वास शांत घ्या, मग पुन्हा. तुम्ही मास्तर आहात, चुकला पाढा तर समोर बसून दुरुस्त करा.