दोघांचं भागेल

शनिवारी सकाळी दारात एक पिशवी सापडली. आत बासमतीचं पाकीट, तूरडाळ, गोड्या मसाल्याची पुडी आणि वहीच्या कागदावर बाळबोध वळणाची चिठ्ठी: ‘संकोच करू नये. वेळ कोणावरही येते.’ खाली सही नाही. दुपारी मंडळाच्या खजिनदारांचा मेसेज आला, ‘कळलं. मी आहे.’ संध्याकाळी एका परिचितानं माझा सीव्ही मागवला. रात्री बायकोच्या मैत्रिणीनं फोन करून, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून, शेवटी विचारलं की तुमच्या मुलीला स्वेटर आखूड होतात का, कारण आमच्याकडे बरेच पडलेत.

माझी नोकरी शाबूत आहे. पगार वेळेवर होतो. घराचा हप्ता जातो. हे इथे लिहून ठेवतो, कारण मंडळात आता कुणी ऐकून घेत नाही.

प्रकरण कासवांचं आहे. मुलीच्या हट्टापायी आमच्या इंग्लंडमधल्या रेडिंगच्या घरात हर्मन जातीची दोन पिल्लं आली. अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली, दोन्ही मिळून माझ्या तळहातावर मावून वर जागा उरेल एवढी. नावं चिंचोका आणि बत्तासा. ही जमिनीवरची कासवं, मूळची दक्षिण युरोपातली, इटली-ग्रीसच्या माळावरची. खातात रानचा पाला. दुकानातला लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी, फळांनी पोट बिघडतं, डाळी-कडधान्यं तर बिलकुल नाहीत. डँडेलियन, क्लोव्हर असलं तण लागतं. म्हणून मी केनेट नदीकाठच्या मैदानात डबा घेऊन उकिडवा बसतो.

त्या दिवशीही बसलो होतो. खांद्यात फोन धरून बायकोशी बोलत होतो. “नाही गं, दुकानातून काही आणत नाही. कालचं सगळं संपलंय ना? मग हीच पानं घेऊन येतो. दोघांचं दिवसभर भागेल.”

मागून आवाज आला, “मराठी?”

साडी, साडीवर मुलाचं जाकीट, पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, कानाला मफलर. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आई लांबूनही ओळखू येते. काकू डोंबिवलीच्या. मी साताऱ्याचा म्हटल्यावर त्यांनी मला ‘तू’वर घेतलं.

“घरी किती माणसं रे?”

“तिघं.”

“आणि भागतं दोघांचं. म्हणजे तू खात नाहीस.”

मला वाटलं, बाई फारच चौकस आहेत. “माझं काय, मी नंतर खातो. आधी त्यांचं बघायला लागतं. लहान आहेत.”

“दोघंही?”

“हो. म्हणून वरून कॅल्शियमची पावडर शिंपडतो. नाहीतर हाडं मऊ पडतात.”

काकूंनी मफलर सैल केला. मी एक पान उलटून पाहत होतो. पानं काढताना दोन गोष्टी बघायच्या असतात, कुत्र्यानं पाय वर केलेला नाही ना आणि नगरपालिकेनं तणनाशक मारलेलं नाही ना. तेही मी त्यांना समजावून सांगितलं.

“अरे, असलं खाऊन आजारी पडतील. डॉक्टरला दाखवलंस का?”

“फार महाग आहे हो.”

“इथे फुकट असतं म्हणे!”

“यांना नसतं.”

काकूंनी आवाज खाली आणला. “कागदपत्रांचा घोळ आहे का?”

“छे, कागद आहेत की. ब्रिस्टलच्या सरकारी कचेरीतून दोघांचे वेगवेगळे दाखले आलेत.” (खरंच येतात. ही कासवं विकायची तर इथे प्रत्येकाचा दाखला लागतो. माझ्या स्वतःच्या जन्माच्या दाखल्यावर आडनाव चुकलेलं आहे, चिंचोक्याचा बिनचूक आहे.)

“मग थंडीत काय करता?”

“दिवा लावलाय एक. त्याच्याखाली बत्तीस अंश असतं. दोघं सकाळी येऊन बसतात त्याच्याखाली, जरा ऊब आली की हालचाल करायला लागतात. बाकीचं घर आम्ही थंडच ठेवतो. बिल किती येतं ठाऊक आहे ना. मी आपला स्वेटर घालून बसतो.”

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “बायको चांगली आहे हो तुझी. दुसरी असती तर माहेरी गेली असती.” मी म्हटलं, तीही तसं म्हणते अधूनमधून. म्हणतेच ती.

या सगळ्या संभाषणात मी एक शब्द खोटा बोललेलो नाही. पण ‘काय काढतोयस आणि कशासाठी’ हा साधा प्रश्न कुणी विचारेल तर शपथ! आपल्या लोकांना पगार विचारायला संकोच नाही, पाळणा कधी हलणार हे विचारायला नाही, आणि नेमका जिथे एक प्रश्न विचारून माणसाची इभ्रत वाचली असती तिथे सगळ्यांना शालीनता आठवते. परस्पर मंडळात वर्गणीचा विचार सुरू होतो.

आता थोडं कासवीबद्दल. आपल्या संतांनी कासवीच्या नजरेचा फार गौरव केला आहे. ती लांबून नुसती बघते आणि तेवढ्यावर पिल्लं पोसली जातात. ऐकायला गोड वाटतं. प्रत्यक्षात हर्मनची मादी खड्डा उकरते, अंडी घालते, वर माती लोटते आणि जी चालू पडते ती कायमची. पुढचं सगळं नजर ठेवणं आमच्या घरात माझ्याकडे आलं आहे. सकाळी उठून दोघांना परातीत कोमट पाण्यात बसवायचं, पाणी हनुवटीच्या खाली. तिथेच ती पाणी पितात, तिथेच बाकीचं उरकतात, आणि मग मान उंच करून, आंघोळ माझीच राहिली आहे अशा नजरेनं माझ्याकडे पाहतात. नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. दोन ग्रॅम वाढलं की मुलगी टाळ्या वाजवते. माझं दोन किलो वाढलं तेव्हा घरात वेगळी प्रतिक्रिया होती.

ज्या दुकानातून दिवा घेतला तिथल्या पोराला कासव म्हणजे वाळवंट एवढंच ठाऊक. कोरडी वाळू घाला म्हणाला, आणि खिडकीशी ठेवलं तर अतिनील किरणांची वेगळी नळी लागत नाही. काचेतून ऊब येते, पण हाडांना लागणारे अतिनील किरण काचेतच अडकतात, हे त्याला मी सांगायचं. कोरड्याची गोष्ट तर आणखी वाईट. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लाच्या पाठीवर एकेक खवला पिरॅमिडसारखा वर येतो, आणि आलेला उंचवटा पुन्हा सपाट होत नाही. वर्षानुवर्षं लोक याचा दोष खाण्याला देत होते. 2003 साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या मोठ्या कासवांच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं की हवेतला ओलावा जास्त महत्त्वाचा. म्हणून मी रोज माती शिंपडतो. दुकानं मात्र अजून वाळूच्या पिशव्या विकतात. 1984 सालापर्यंत या देशात भूमध्य समुद्राकाठची कासवं जहाजं भरभरून यायची, पेटीत एकावर एक रचून, आणि इथला पहिला हिवाळाही बरीचशी काढू शकायची नाहीत. मग आयातबंदी आली. पेट्या गेल्या, पण कासव म्हणजे काही न करता टिकणारी वस्तू ही समजूत काही गेली नाही.

असो. मी पिशवी परत करायला काकूंच्या मुलाकडे गेलो, सगळा उलगडा केला. मुलगा लाजला. काकू मुळीच लाजल्या नाहीत. “मग आधी नाही का सांगायचं?” म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी कासवं बघायला घरी हजर. अनुकंपा संपली होती, आता अधिकार सुरू झाला.

पहिला प्रश्न, तोंड उत्तरेला का नाही? मी म्हटलं, ती चालतात, त्यामुळे तोंड सगळीकडे असतं. दुसरा, मुलगा की मुलगी? म्हटलं, चारपाच वर्षांनी कळेल; अंडी किती गरम ठेवली त्यावर ठरतं, पण बाहेरून दिसायला वेळ लागतो. “इतके मागासलेत इथले डॉक्टर?” मग त्या म्हणाल्या की आम्ही वेळासला गेलो होतो, तिथे पिल्लं अशी वाळूवर ठेवतात आणि ती तुरुतुरु समुद्रात जातात, डोळ्यांत पाणी येतं, तूही एकदा थेम्समध्ये सोडून बघ. वेळासची कासवं समुद्रातली, ऑलिव्ह रिडले. ही थेम्समध्ये सोडली तर बुडून मरतील. हे ऐकून काकूंना कासवांबद्दलच जरा शंका आली.

हिवाळ्यात ती फ्रिजमध्ये झोपणार, हे मात्र बायको उगाच बोलून गेली.

“फ्रिजमध्ये? देवाला?”

मी सांगत होतो की फ्रिज वेगळा असतो, पाच अंशांवर ठेवतात, दार उघडून हवा देतात, रानात ती जमिनीखाली असंच करतात. काकू ऐकत नव्हत्या. त्या आमच्या कोथिंबिरीच्या कप्प्याकडे बघत होत्या. “कूर्मावतार आहे तो! देवळात आधी त्याला नमस्कार करून मग आत जातो आपण.”

आणि बोलता बोलता त्यांनी पर्समधून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली. “किती कोरडी पडलीत बिचारी,” म्हणून बत्ताशाला उचललंसुद्धा. इथे माझा आवाज चढला. पाठीला तेल लावलं की वर धूळ चिकटते, त्याच्या पाठीला त्याचा काडीचा उपयोग नसतो, आणि हवेत उलटं धरलेलं पिल्लू घाबरून जातं. बत्ताशानं त्यांच्या जाकिटावर स्वतःचं मत नोंदवलं. बायको मला नंतर म्हणाली, वडीलधाऱ्या बाईशी असं बोलतात का? म्हणजे जीव त्याचा, जबाबदारी माझी, आणि संस्कार कमी पडले तेही माझेच.

निघताना काकू दारात थांबल्या. दोन आहेत तर एक देशील का, भाच्यानं डोंबिवलीत नवा फ्लॅट घेतलाय, काचेचं कासव ठेवलंय पण गुण येत नाही. मी म्हटलं, हे सीमेपलीकडे न्यायचं तर परवाने लागतात. आणि तिथलं पाठीवर चांदण्या असलेलं कासव घरात ठेवणं 1972 च्या कायद्यानं गुन्हा आहे. “गुन्हा कसला, आमच्या शेजाऱ्यांकडे आहे,” काकू म्हणाल्या. वास्तुदोष घालवायला म्हणून चांदण्यांची कासवं पोत्यांत भरून चोरटी विकली जातात, हे मला सांगायचं होतं. त्या तोवर बूट घालून निघाल्याही होत्या.

या आठवड्यात मैदानात गेलो तर डँडेलियनची कोवळी पानं गायब. नुसती पिवळी फुलं आणि जून, राठ कडा. थोडं पुढे काकू दिसल्या, सोबत आणखी तिघीजणी, चौघींच्या पायात पांढरे बूट, हातात बास्केट. एकीनं पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणाली, “पाथरीच आहे हो. लसणाची फोडणी आणि हरभऱ्याची डाळ घालून काय लागते!” कडू आहे पण जेवणाला रुची येते, असं सगळ्यांचं एकमत झालं.

मी माझा डबा घेऊन उभा. काकूंनी बास्केटमधली मूठभर पानं, जरा राठ बघूनच, माझ्या डब्यात टाकली.

“उशिरा येतोस तू,” त्या म्हणाल्या. “सातला यायचं.”