गळती गाळणीत आहे, ताटात नाही

‘लघवीतून प्रोटीन जातं, तेव्हा आहारात ते दुप्पट करा’ हा नेफ्रोटिक सिंड्रोमवरच्या तुमच्या लेखातला सल्ला कृपया काढून टाका. मूत्रपिंडातून प्रोटीन गळून अंगावर सूज येणाऱ्या या आजारात ग्लोमेरुलसच्या, म्हणजे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळणीच्या, केशवाहिन्यांना बाहेरून बिलगलेल्या पोडोसाइट पेशींचे बारीक पाय सपाट होतात आणि एरवी अडणारं अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) निसटतं. मोठ्या माणसांत दिवसाला ३.५ ग्रॅमच्या वर प्रोटीन जातं. वरून आणखी प्रोटीन ओतलं की लघवीतलं प्रमाणच वाढतं, रक्तातलं अल्ब्युमिन फारसं सुधारत नाही. माझ्या भाच्याला हा आजार झाला तेव्हा नातेवाइकांनी प्रोटीन पावडरचे डबे आणून ठेवले होते. डॉक्टरांनी ते बंद करून वयाप्रमाणे साधं जेवण आणि कमी मीठ सांगितलं. सूज उतरली ती स्टेरॉइडने.

आणि या आजाराचं कारण म्हणून लेखात फक्त मधुमेह? लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या ‘मिनिमल चेंज’ या प्रकाराचा उल्लेखही नाही! त्यात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ग्लोमेरुलस जवळपास नॉर्मल दिसतो, पोडोसाइटमधला बदल कळायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. बहुतेक मुलं स्टेरॉइडला प्रतिसाद देतात, म्हणून त्यांची बायोप्सी (मूत्रपिंडाचा छोटा तुकडा काढून तपासणी) सहसा आधी करत नाहीत.