‘एकही नागरिक न मरता’ संपलेले युद्ध?

आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप गटावर थोरल्या मेहुण्यांनी एक मजकूर पुढे ढकलला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. श्रीलंकेने २००९ मध्ये एकाही निरपराध नागरिकाला धक्का न लावता लिट्टे ही स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणारी सशस्त्र संघटना संपवली, तेव्हापासून तमिळ आणि सिंहली गुण्यागोविंदाने नांदत आहेत, तिथली न्यायालये समर्थ आहेत आणि युद्धातल्या अत्याचारांच्या चौकशीची मागणी हे निव्वळ पाश्चात्त्यांचे कारस्थान आहे, असा त्याचा आशय. मेहुण्यांचा मान राखूनही हे सोडून देणे जमणार नाही.

पहिला दावा सर्वांत संतापजनक आहे. ‘शून्य नागरी हानी’ ही तत्कालीन राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांच्या सरकारची घोषणा होती, वस्तुस्थिती नव्हे. त्याच सरकारने जाहीर केलेल्या गोळीबारमुक्त क्षेत्रांत तोफगोळे पडले. मृतांचा आकडा चाळीस हजारांपर्यंत असू शकतो, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटले. तिचे अध्यक्ष इंडोनेशियाचे होते, पण तेही कारस्थानात सामील धरू. महिंदा राजपक्षे यांनी स्वतः नेमलेल्या सलोखा आयोगाचे काय करायचे? लष्कराने जाणूनबुजून नागरिकांना लक्ष्य केले नाही, असे प्रशस्तिपत्र देणाऱ्या या आयोगालाही अखेरच्या टप्प्यात मोठ्या प्रमाणावर नागरिक दगावल्याचे लिहावे लागले आणि लष्कराला शरण गेल्यानंतर बेपत्ता झालेल्यांची चौकशी करा, अशी शिफारस करावी लागली. यांतले कित्येक जण मे २००९ मध्ये मुल्लैतिवूजवळ बायकामुलांदेखत लष्कराच्या स्वाधीन झाले आणि बसमध्ये बसवून नेले गेले, असे त्यांचे नातेवाईक आजही सांगतात. युद्धकाळात संरक्षण सचिव असलेले महिंदांचे भाऊ गोटाबाया राजपक्षे २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून एवढेच म्हणाले, की बेपत्ता लोक मेलेले आहेत. कुठे आणि कोणाच्या हातून, हे त्यांनी सांगितले नाही.

लिट्टे क्रूर होती, हे मात्र मान्य करावे लागते. तिने शाळकरी मुले पळवून लढायला लावली, युद्धक्षेत्रातून निसटू पाहणाऱ्या तमिळांवर गोळ्या झाडल्या, १९९० मध्ये उत्तरेतल्या मुसलमानांना घरादारासकट हुसकावले. पण यातले पहिले दोन गुन्हे तमिळांवरच झाले असताना तेच पुढे करून तमिळांची चौकशीची मागणी मोडीत काढायची, हा कुठला न्याय?

गुण्यागोविंदाबद्दल थोडक्यात. स्फोट थांबले आणि २०१४ मध्ये जाफन्याला पुन्हा रेल्वे पोहोचली, हे खरे. बेपत्तांच्या आया २०१७ मध्ये किलिनोच्ची आणि वव्हुनियाच्या रस्त्याकडेला मुलांचे फोटो घेऊन धरणे धरून बसल्या, हेही तितकेच खरे.

न्यायालयांच्या सामर्थ्याची परीक्षा जाफना भागातल्या मिरुसुविल गावच्या खटल्यात झाली. डिसेंबर २००० मध्ये युद्धामुळे विस्थापित झालेली काही तमिळ माणसे आपली घरे पाहायला आणि सरपण आणायला गावी गेली होती. त्यांतल्या आठ जणांची हत्या झाली. सर्वांत धाकटे मूल पाच वर्षांचे होते. एक जण निसटला, म्हणून गुन्हा उघडकीला आला. २०१५ मध्ये त्यासाठी लष्करातला सार्जंट सुनील रत्नायके याला फाशीची शिक्षा झाली आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, म्हणजे न्यायालयांनी उशिरा का होईना, आपले काम केले. त्यानंतर मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या धामधुमीत, गोटाबायांनी त्याला माफी देऊन सोडले. श्रीलंकेत १९७६ पासून कोणालाही फाशी दिलेली नाही, तेव्हा त्याचा जीव वाचवण्यासाठी ही माफी होती, असेही म्हणता येत नाही.

उरला कारस्थानाचा मुद्दा. संध्या एकनेलिगोडा या सिंहली आहेत. त्यांचे व्यंगचित्रकार पती प्रगीत युद्ध संपल्यानंतर, जानेवारी २०१० मध्ये, बेपत्ता झाले आणि तेव्हापासून त्या न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत आहेत. त्याआधी १९८७ ते ८९ मध्ये जेव्हीपी या डाव्या सिंहली पक्षाचे बंड चिरडताना सिंहली तरुण हजारोंच्या संख्येने गायब झाले होते. आज राष्ट्राध्यक्ष असलेले अनुरा कुमारा दिसानायके त्याच पक्षाचे नेते आहेत. हे सगळे पाश्चात्त्य कधी झाले, ते मेहुण्यांनी त्या मजकुराच्या कर्त्याला विचारून सांगावे.