पदरी पडलं म्हणून पवित्र? (‘गॅप’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

‘काकू, तुम्हाला प्रेम कळत नाही, फक्त कायदा कळतो,’ असं तुम्ही लिहिलंत. काकू चालेल, वयाने तो मान मिळालाच आहे. बाकीच्याबद्दल मात्र जरा लांबण लावावी लागतेय. तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे तितकाच विचारही आहे, आणि दोन ओळींत तिची बोळवण केली तर ते बरं दिसणार नाही.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: मी ‘गॅप’ आणि ‘प्लूटो’ या दोन थाई मालिकांबद्दल लिहिलं होतं. दोन्हींत बायकांच्या प्रेमाची गोष्ट आहे, दोन्ही मला आवडल्या, आणि दोन्हींत संमतीच्या बाबतीत सोयीस्कर डोळेझाक आहे, असं माझं म्हणणं. त्यावर तुम्ही म्हणालात की ‘गॅप’मधल्या मॉनला लहानपणापासून सॅम आवडते, मग आणखी कसली संमती हवी? शिवाय दोघी बायका, तिथे जबरदस्तीचं गणित कशाला मांडायचं? अमेरिकेचा चष्मा थायलंडला लावू नका, असंही बजावलंत. आणि सगळ्यात शेवटी जे लिहिलंत ते मला खरं लागलं: ‘आमच्या वाट्याला इतक्या वर्षांनी एक सुखान्त आला, तर तुम्ही त्यातही खडे वेचायला बसलात.’

या शेवटच्यापासूनच सुरुवात करते. ‘गॅप’ १९ नोव्हेंबर २०२२ला सुरू झाली. त्याआधी थाई मालिकांत दोन मुलींची जोडी असायची ती बहुतेक मुलांच्या जोडीच्या बाजूला, चवीपुरती. ‘गॅप’मधल्या फ्रीन सरोचा (सॅम) आणि बेकी आर्मस्ट्राँग (मॉन) यांनीसुद्धा त्याच वर्षी आधी एक तसलीच दुय्यम जोडी केली होती. आणि मग एकदम बारा भाग, नायिका त्या दोघीच, शेवटी एकत्रही त्याच. यूट्यूबवर एकेक भाग चार तुकड्यांत यायचा आणि सबटायटल्स येईस्तोवर जीव टांगणीला लागायचा. मीही त्या रांगेत होते. कुंपणाबाहेर उभं राहून दगड मारतेय असं समजू नका.

पण ‘पदरी पडलं आणि पवित्र झालं’ हा न्याय आपल्या आया-आज्यांनी लग्नाला लावला, त्याचे हाल आपण पाहिले. तोच आपण मालिकांना का लावायचा? कमी मिळालंय म्हणून जे मिळालं त्याला नावं ठेवायची नाहीत, हे फार जुनं शहाणपण आहे आणि ते नेहमी कमी मिळालेल्यांनाच शिकवलं जातं.

आता मॉन. सॅम त्या कंपनीची मालकीण, वर मोम लुआंग, म्हणजे राजघराण्याच्या नात्यातली, आणि मॉनपेक्षा आठ वर्षांनी मोठी. अख्खं ऑफिस तिला टरकून असतं. मॉन तिथे नवीन लागलेली मुलगी. तिला सॅम आवडते, मनापासून आवडते, हे मी कुठेही नाकारलेलं नाही. माझा प्रश्न वेगळा होता. समजा, एखाद्या संध्याकाळी तिला नसतंच जायचं सॅमकडे. कंटाळा आलाय, घरी जाऊन जेवून झोपायचंय. ती ‘आज नको’ म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोणासमोर उभी राहणार? रुसलेल्या प्रेयसीसमोर, की पगार देणाऱ्या मॅडमसमोर? आणि त्या दोघींतली नेमकी कोण समोर आहे हे तिला कळायचं कसं?

मालिका हा प्रश्न उभाच राहू देत नाही, कारण मॉनला कायम हवंच असतं. ही लेखनातली सोय आहे. ज्या पात्रावर नको म्हणायची वेळच कधी आणली जात नाही, त्याच्या होकाराचं वजन करायचं कशाने? तुम्ही मॉनच्या आवडीकडे बोट दाखवता, मी तिच्या नकाराची जागा शोधतेय. आवड कितीही खरी असली तरी ती जागा आपोआप तयार होत नाही.

ही चौकट ‘गॅप’ने शोधून काढलेली नाही. थाई टीव्हीवर तिचं जुनं घराणं आहे, ‘तोप-चूप’ म्हणतात, थप्पड आणि चुंबन. २००८ सालच्या चॅनल ३च्या दोन गाजलेल्या मालिका घ्या. ‘चामलोय राक’मध्ये नायक सूड म्हणून नायिकेला पळवून बेटावर डांबतो. ‘सवान बियांग’मध्ये नायिकेच्या बहिणीने आपल्या बापाशी लग्न केलं याचा राग नायक नायिकेवर काढतो, तिच्यावर बलात्कार करतो. दोन्हींत शेवटी जोडी जुळते आणि प्रेक्षक डोळे पुसतात.

या घराण्याचा एक ठरलेला शॉट आहे, तो तुम्हीही शंभरदा पाहिला असेल. तो मनगट धरतो, भिंतीशी दाबतो. ती त्याच्या छातीवर मुठीने मारते. कॅमेरा हळूहळू त्या मुठीवर येतो. मूठ सैल पडते, बोटं उघडतात, व्हायोलिनं सुरू होतात. त्या उघडलेल्या बोटांना मालिका होकार म्हणते. हात दमला की राजी झाला, हे विचारायला कोणी थांबत नाही, दोन्हींना एकच क्लोजअप.

जीएल, म्हणजे ‘गर्ल्स लव्ह’, दोन मुलींच्या प्रेमाच्या मालिकांनी ही भिंत आणि ती मूठ बऱ्याच अंशी काढून टाकली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण बाकीचं सामान तसंच ठेवलं. हुद्द्याने वरची, तापट, प्रेम करता न येणारी एक, आणि आपल्या सोसण्याने तिला माणसात आणणारी दुसरी. पुरुषाच्या खुर्चीत बाई बसली इतकंच, आणि आपण टाळ्या वाजवल्या कारण निदान खुर्चीत बाई तरी आहे.

मला खरं तर खटकतं ते याहून पुढचं, आणि मूळ लेखात ते मी पुरेसं लिहिलं नव्हतं, जागा नव्हती म्हणून. ‘गॅप’ला जबरदस्ती कळत नाही असं नाहीच! सॅमच्या आजीकडे बघा. तीन नाती: नुंग, सॉंग, सॅम, थाईत एक, दोन, तीन. आजी त्यांची आयुष्यं हिशेबाच्या वहीसारखी चालवते. थोरली घर सोडून जाते, मधली जिवानिशी जाते, आणि धाकट्या सॅमच्या गळ्यात कर्क नावाच्या पुरुषाशी ठरवलेलं लग्न. इथे मालिकेची नजर अगदी लख्ख आहे. आजीचं प्रेम, आजीचा अधिकार, आजीचा ‘तुझ्या भल्यासाठीच’ हा सूर, सगळं एकमेकांत कसं कालवलेलं असतं आणि त्यात नको म्हणणं कसं अशक्य होतं, ते तिने नेमकं दाखवलंय. ज्या सॅमला घरात कधी ‘नाही’ म्हणता आलं नाही, ती ऑफिसात आली की दुसऱ्या कोणाच्या ‘नाही’ला जागा ठेवत नाही. केवढा मोठा विषय होता हा! आजीचा वारसा नातीकडे कसा येतो, हीच गोष्ट होऊ शकली असती. पण जोर आजीने केला तर तो जुलूम, आणि सॅमने केला तर लाडीगोडी. थोरल्यांची जबरदस्ती दिसते, प्रियकराची दिसत नाही. हे आपल्याकडच्या मालिकांबद्दलही म्हणता येईल, पण त्यात शिरले तर हे उत्तर संपायचं नाही.

दोघी बायका आहेत म्हणून सत्ता नसते, या तुमच्या मुद्द्यावर मी थोडी हसले, रागावू नका. बाईच्या हाताखाली नोकरी केलेल्या कुठल्याही बाईला विचारा. आपल्याकडचा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदाही तसं मानत नाही. तक्रार करणारी बाई हवी, पण जिच्याविरुद्ध तक्रार ती व्यक्ती पुरुषच असली पाहिजे असं त्यात कुठेही नाही, आणि कोलकाता उच्च न्यायालयाने २०२० साली तसं स्पष्ट सांगितलंय. (आलाच शेवटी कायदा. काय करणार.)

पण कायदा बाजूला ठेवू. दोन मुलींच्या नात्यात जबरदस्ती कशी येते हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक असणार. मनगट धरावं लागत नाही. ‘तू गेलीस तर तुझ्या घरी सगळं सांगेन,’ एवढं एक वाक्य पुरतं. फोनमधले दोघींचे फोटो, आईच्या नंबरवर नुसतं ठेवलेलं बोट. आणि त्या मुलीने जायचं कुठे? घरी सांगावं तर घरच्यांना ती मुळात कोणासोबत राहते हेच माहीत नाही, त्यांच्या लेखी ती ‘रूममेट’. मैत्रिणींना सांगावं तर त्या म्हणणार, अगं, निदान तुला कोणीतरी मिळालं. म्हणजे पुन्हा पदरी पडलेलं पवित्रच. बायका बायकांवर जोर करत नाहीत हे गोड वाक्य आपण जितक्या वेळा म्हणतो, तितकी या मुलीची तोंड उघडायची जागा कमी होते. म्हणून तुमच्या त्या एका वाक्याशी माझं अजिबात जमणार नाही, बाकी ठिकाणी आपण वाद घालू.

चष्म्याचं म्हणाल तर थायलंडला तो अमेरिकेतून मागवावा लागलेला नाही. पडद्यावर बलात्काराचं प्रेमात रूपांतर करणं थांबवा म्हणून २०१४ साली तिथल्याच प्रेक्षकांनी मोहीम चालवली, हजारो सह्या जमवल्या. त्यांच्या दंडसंहितेत बलात्काराच्या व्याख्येतून बायकोला वगळलेलं होतं, ते कलम त्यांनी २००७ साली बदललं, आणि पीडित व्यक्ती बाईच असली पाहिजे ही अटही त्याच वेळी काढली. आपल्या नव्याकोऱ्या न्याय संहितेत नवऱ्याची सवलत अजून शाबूत आहे. लग्नाचं तर विचारूच नका: २३ जानेवारी २०२५पासून तिथे दोन बायका कायदेशीर लग्न करू शकतात, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याला संसदेचा रस्ता दाखवला. तेव्हा या विषयात कोणी कोणाला मागास समजायचं ते जरा जपूनच ठरवू या.

‘प्लूटो’बद्दल तुम्ही एकाच ओळीत विषय संपवलात: ‘तिथे तर कोणीच कोणावर जोर करत नाही.’ बरोबर, जोर नाही. २०२४ची ही जीएमएमटीव्ही या थाई निर्मितीसंस्थेची मालिका ‘गॅप’सारखीच चाओ प्लानॉय या लेखिकेच्या कादंबरीवर आहे, आणि माझ्या मते लिखाण म्हणून कितीतरी सरस. जुळ्या बहिणी. एक अपघातात सापडते, तर दुसरी तिचं सोंग घेऊन तिच्या प्रेयसीशी, मेशी, संबंध तोडायला जाते. मे अंध आहे. आवाज सारखा, आणि जुळ्या बहिणीचा चेहरा बोटांनाही तसाच लागणार. तोडायला गेलेली स्वतःच गुंतते.

इथे मे प्रत्येक वेळी स्वखुशीने जवळ येते. पण कोणाच्या? जिला ती जवळ घेतेय ती तिथे नाहीच, तिच्या नावाने दुसरी कोणी बसलीय. मे म्हणाली ‘ये’, आणि ते ‘ये’ चुकीच्या पत्त्यावर पोचलं. एवढा जीवघेणा पेच हातात असताना मालिका बराच वेळ आपल्याला एकाच गोष्टीची काळजी करायला लावते: बिचारी पकडली जाईल का? फसवणाऱ्या मुलीच्या ठोक्यांवर आपले ठोके चालतात. मेच्या बाजूने बघायला आपल्याला फार उशिरा बसवलं जातं. नामतान आणि फिल्म या दोघी नट्यांचा अभिनय इतका सुंदर आहे की हे लक्षातही येत नाही. त्यात मे अंध असणं ही कथेची किल्ली म्हणून वापरली आहे याचा मला वेगळा राग आहे, तो परत कधीतरी.

‘प्रेक्षक मूर्ख नाहीत, त्यांना कल्पना आणि वास्तव कळतं’ हे तुमचं म्हणणं मला बऱ्यापैकी मान्य आहे. ‘गॅप’ बघून कोणी उद्या साहेबिणीच्या घरी राहायला जात नाही. पण कल्पना आणि वास्तव इतकं स्वच्छ वेगळं कळत असेल, तर याच मालिकांतल्या नट्या पडद्याबाहेरही जोडी म्हणून वावरल्या पाहिजेत हा हट्ट कुठून येतो? फॅनमीटमध्ये एकीने दुसरीचा हात धरला नाही तर दुसऱ्या दिवशी टाइमलाइनवर सुतक. त्या दोघींना तो हात धरायचा होता का, हे विचारायचं आपल्यातल्या किती जणींना सुचतं?

राहता राहिला तुमचा शेवटचा टोमणा: ‘एवढं खटकतं तर बघता कशाला?’ आवडतं म्हणून बघते. बेकी आर्मस्ट्राँग नुसती बघत राहते तेव्हा पुढचं सगळं माफ करावंसं वाटतं, आणि मी बऱ्याचदा करतेही. पण ज्या घरात राहायचंय त्याच घराची ओल आपण दाखवतो, शेजाऱ्याची नाही.

‘द सीक्रेट ऑफ अस’ या आणखी एका थाई मालिकेवर लिहा म्हणालात. लिहिते. तिथे निदान नकार आहे. डॉक्टर लाडा स्पष्ट शब्दांत नको म्हणते आणि तरी अर्न मागे लागतच राहते. ते चिकाटीचं प्रेम आहे असं तुम्ही आधीच जाहीर करून टाकलंय, तेव्हा पुढच्या लेखाखालीही आपलं वाजणार असं दिसतंय. फक्त या वेळी मालिका परत बघून या, मीही बघते.